थोरली आणि धाकटी

आमच्या घरी ट्रक आई चालवते आणि बाबा त्याच्याखाली असतात. हे एकदा सांगून टाकलं की पुढचे बरेच प्रश्न वाचतात.

ट्रक साधा नाही. बंद पडलेले दुसरे ट्रक, बसगाड्या, एकदा तर सिमेंट कालवायचं अख्खं यंत्र, जे कुणाच्यानं हलत नाही ते हा साखळीला लावून डोंगराच्या चढावरून ओढून आणतो. एका बंद बसचा ड्रायव्हर आईला खालीवर न्याहाळत म्हणाला होता, "बाई, ओढणार कोण? तुम्ही?" आई म्हणाली, "मी कशाला? तुमची चालत असेल तर तुम्हीच ओढा की मला."

बाबा ट्रक चालवत नाहीत, कारण त्यांना वळणावर गाडी लागते. ट्रकचे एवढे नावाजलेले मिस्त्री, आणि तिसऱ्या वळणाला खिडकीतून डोकं बाहेर. लग्नानंतर वर्षभरातच आईनं हे ओळखलं आणि मुकाट्यानं जाऊन लायसन काढलं. तेव्हापासून दोघांची वाटणी ठरली. तिचा चढ, त्यांचा तळ.

आणि तळात बाबांचा जीव अडकलेला असतो तो दोन डिफरेन्शियलमध्ये. मागच्या दोन आसांच्या मधोमध भोपळ्याएवढे दोन लोखंडी गोळे असतात, ते हे. इंजिनाची ताकद त्यांच्यातल्या दातेरी चक्रांतून चाकांकडे वळते. वजन ओढताना ती चक्रं एकमेकांवर इतकी घासतात की आतलं तेल तापतं. फार तापलं की पातळ होतं, आणि मग चक्राचे दात एकमेकांना खायला लागतात. भर चढावर दात तुटला तर चाकं जागच्या जागी जाम होतात. मागे दुसऱ्याचा ट्रक लटकलेला, आणि स्टिअरिंगवर आई.

बाबा पुढच्या गोळ्याला थोरली म्हणतात, मागच्याला धाकटी. "जावाजावा आहेत," ते म्हणत, "एकीला ताप आला की दुसरीवर सगळं घर पडतं."

दोघींचं तेल ते कोमट असतानाच काढत, म्हणजे गाळ तळाशी बसून राहत नाही. बुचाला लोहचुंबक असतो. त्याला राखाडी लोण्यासारखा कीस चिकटलेला असे. बाबा तो दोन बोटांत चोळून बघत. मऊ लागला तर गुणगुणत, खडा लागला तर दिवसभर कुणाशी बोलत नसत. तेल थंड ठेवायची सोयही त्यांनी स्वतः बसवलेली. एक लहानसा पंप तेल बाहेर खेचतो, पंख्यासमोरच्या नळ्यांतून फिरवतो आणि निववून परत आत सोडतो. दोघींच्या नळ्या वेगळ्या. "जावांना एका ताटात बसवू नये," हे त्यामागचं शास्त्र.

सर्व्हिसिंग झालं की आई मागे काहीतरी जड लावून चढावर एक फेरी मारून येई. मग बाबा चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून ट्रकखाली सरकत आणि दोघींवर तळहात ठेवत. खालून एकच शब्द येई, "निवांत." तो आला की आई कामाला निघे. यंत्र लावून ताप मोजता येतो हे दोघांनाही ठाऊक होतं. पण आईचा विश्वास त्या हातावर होता, आणि बाबांचा आईच्या विश्वासावर.

गेल्या हिवाळ्यात बाबा शर्टाची बटणं लावायला फार वेळ घेऊ लागले. कढत चहाचा पेला कडेला न धरता सरळ मुठीत धरू लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. डॉक्टरांनी त्यांना साखरेचं आणि इतकी वर्षं हातात धरलेल्या थरथरत्या अवजारांचं कारण सांगितलं होतं, पण ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. तळहात मुके झाले होते. बाबा ते नेहमीप्रमाणे दोघींवर ठेवत आणि प्रत्यक्षात वास घेऊन सांगत. तापलेल्या तेलाला आंबूस, उग्र वास येतो, आणि बाबांचं नाक पक्कं होतं.

मग त्यांना सर्दी झाली.

त्या दिवशी आई फेरी मारून आली आणि टायरवर चहा घेऊन बसली. खालून आवाज आला, "दोघीही निवांत. जा तू."

आईनं पेला खाली ठेवला. "अहो, वास येतोय."

"कसला?"

"करपल्याचा."

"मला नाही येत."

"तुमचं नाक आठवडाभर संपावर आहे. हात काढा."

"अगं, हात लावूनच सांगतोय ना मी..."

आईनं वाकून पाहिलं. थोरलीच्या कडेनं धुराची बारीक रेघ निघत होती, आणि बाबांचा पंजा तिच्यावर पालथा, आरामात टेकलेला होता. आईनं त्यांचे दोन्ही घोटे धरले आणि फळीसकट त्यांना बाहेर ओढलं.

तळहातावर पांढरट फोड टरारून आला होता. बाबा त्याच्याकडे दुसऱ्याचा हात असल्यासारखे बघत राहिले. मग त्यांनी आईलाच विचारलं, "हे कधी झालं गं?"

आई रागावली नाही. ती रागावत नाही तेव्हा आम्हाला भीती वाटते. तिनं त्यांचा हात नळाखाली धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला.

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून."

"आणि मी तुमच्या शब्दावर चढ चढत होते."

"वास चुकत नव्हता."

"आज चुकला."

"आज चुकला," बाबा म्हणाले. मग पाण्याकडे बघत, "मोठ्या गॅरेजला देऊन टाक ट्रक. तिथे हात आहेत, यंत्रं आहेत. मी घरी बसेन. तुझा डबा भरून देत जाईन."

"तुमच्या हातचा डबा खाण्यापेक्षा चढावर चाकं जाम झालेली परवडतील मला."

बाबा हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला. आईनं नळ बंद केला नाही, त्या आवाजात त्यांना काय करायचं ते करू दिलं.

थोरली निवल्यावर आईच फळीवर आडवी झाली. बाबा बाजूला उकिडवे बसून सांगत होते, ही नळी सोडव, आता तिच्या तोंडाची जाळी काढ. जाळीत सुतांचा गुंता अडकून तेलाची वाट बंद झाली होती. पुसायच्या फडक्याचे धागे. एरवी बाबा नळीच्या तोंडावरून बोट फिरवत आणि एक तंतूही त्यातून सुटत नसे. या वेळी बोटाला काही कळलंच नव्हतं. आईनं तो गुंता त्यांना दाखवला नाही, खिशात टाकला. त्यांनी मात्र पाहिलं होतं.

करपलेलं तेल काढलं, नवं भरलं. भरायच्या भोकातून ओघळ येईपर्यंत भरायचं असतं. तो बाहेर आल्यावर आई ओरडली, "आला, आला!" पाहुणा आल्यासारखी. मग पुन्हा फेरी, आणि फेरीनंतर ती पुन्हा फळीवर. बाबाही पुठ्ठा अंथरून शेजारी सरकले. पट्टी बांधलेला हात छातीवर. मला बाहेरून दोघांचे फक्त पाय दिसत होते.

"थोरलीवर ठेव. काय लागतंय?"

"गरम."

"गरम सगळंच असतं. कसं गरम?"

तिनं तळहात जरा सरकवून पाहिला. इतक्या वर्षांत बाबांनी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"चहाच्या पेल्यासारखं," ती म्हणाली. "नुकता ओतलेला नाही. दोन घोट झाल्यावरचा."

"धरवतो?"

"धरवतो. पण उगाच धरून बसावंसं वाटत नाही."

"हां," बाबा म्हणाले. त्या एका 'हां'नं त्यांचे पाय सैल झाले. "आणि धाकटी?"

"ही थोडी जास्त ऊन आहे. एका अंगाला."

"कुठल्या अंगाला?"

"तुमच्या."

"तिथून इंजिनाकडचा दांडा आत जातो, ती तशीच असते. लाडावलेली."

आईचा फोन वाजू लागला. चढावर कुणीतरी अडकलं असणार. ती उठायला लागली तसं बाबांनी चांगल्या हातानं तिचं मनगट धरलं.

"वाजू दे. परत एकदा ठेव. या वेळी डोळे मिटून. आणि मला सगळं सांग."