काळ्या पडद्यामागची गिटार

गेल्या रविवारी संध्याकाळी भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका रिकाम्या गोदामात रॉक शो होता. आमच्या कॉलेजच्या दिवसांतला एक मोठा गायक-गिटारिस्ट आपले दोन गाजलेले अल्बम पूर्णच्या पूर्ण लाइव्ह वाजवणार, अशी जाहिरात.

मला तिथेच संशय आला. एवढा मोठा माणूस, सत्तरी ओलांडलेला... भिवंडीत कशाला येईल? डुप्लिकेट असणार, नाहीतर रेकॉर्डिंग लावून नुसते ओठ हलवणार.

तरी गेलो. त्याच्या कॅसेट्स टेप तुटेपर्यंत ऐकल्यात मी. सोबत सलीम, माझा शाळेपासूनचा दोस्त, भिवंडीतच कामतघरला पॉवरलूम दुरुस्त करतो.

माणूस तर तोच निघाला. आवाज थकलेला, पण त्याचाच. गिटार मात्र थेट कॅसेटसारखी... आणि त्याची बोटं तारांवर नुसती ठेवलेली.

सलीम कानाशी पुटपुटला, "हाथ देख उसका. बजा कोई और रहा है."

डोकंच फिरलं माझं. मोबाइलवर व्हिडिओ चालू केला आणि बाथरूमला निघाल्यासारखा स्टेजच्या मागे गेलो. पुराव्यासकट पोस्ट टाकायची, असं ठरवूनच.

मागे काळा पडदा. त्याच्याआड स्टुलावर चाळिशीतली एक बाई, मांडीवर गिटार. सगळं तीच वाजवत होती... नजर पडद्याच्या फटीतून त्याच्या पाठीवर.

तिने मला पाहिलं, मोबाइलही पाहिला. हात थांबले नाहीत. गाणं संपल्यावर हळूच म्हणाली, "बाबांचा हात थरथरतो. आधी सांगितलं तर लोक गाणी सोडून हातच बघत बसतील, म्हणून ते शेवटी सांगणार आहेत. तुम्हाला आत्ताच टाकायचं तर टाका... पण हे पुढचं ऐकून जा."

पुढचं म्हणजे माझं सगळ्यात लाडकं गाणं. मधला सोलो आला आणि तिने तारांवरून हात उचलला.

तो वाजवू लागला. अर्ध्या गतीने. काही सूर लागले, काही सुटले, ड्रमवाला त्याच्यासाठी ताल सैल सोडत गेला... एका जागी तर तो अडलाच. ती पुढे वाकली, पण गिटारला हात लावला नाही.

मग सापडला त्याला तो सूर.

व्हिडिओ मी तिच्यासमोरच डिलीट केला. तिचं लक्षही नव्हतं, पुढचं गाणं सुरू झालं होतं.

शेवटी त्याने तिला हाताला धरून पुढे आणलं. "ही माझी मुलगी. आज बरीचशी गिटार हिनेच वाजवली. मी आपली मध्ये मध्ये लुडबूड केली."

मग पहिला उठून टाळ्या वाजवायला लागला तो सलीम.

माझा संशय शंभर टक्के खरा निघाला... आणि मी मात्र त्या दोघांचे आभार मानत घरी आलो.