नवरत्नांचं खरं वय

दादा गेला त्या दुपारी मी टावर चौकात सेव घेत उभी होते. त्याचीच फर्माईश होती. पक्षाघातानंतर डॉक्टरांनी तिखट-तेलकट बंद केलेलं, पण आदल्या दिवशी मी निघताना तो जड जिभेने म्हणाला होता, "कुंदे, उद्या लौंगवाली आण… थोडीशी." दुकानदार पुडी बांधत होता आणि फोन वाजला. दादाकडे काम करणारी कमला बोलत होती. "दीदी, सर उठ नहीं रहे. कुर्सी पे ही हैं." मी म्हटलं, झोपला असेल, हलवून बघ. "हिलाया, दीदी…" मी पुडी घेतली, पिशवीत ठेवली आणि रिक्षात बसले. नानाखेड्याला दादाच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. सेव गरम आहे, पुडीत वाफ धरेल आणि मऊ पडेल. अशा वेळी डोकं काय धरून बसेल याचा नेम नसतो.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. मेघा, दादाची एकुलती एक मुलगी, बंगळूरूहून संध्याकाळपर्यंत पोचली, चक्रतीर्थावर अग्नी तिनेच दिला, सगळं रीतसर झालं. भेटायला येणारे सगळे दादाला "पीटी सर" म्हणूनच आठवत होते. उज्जैनच्या एका शाळेत त्याने उभी नोकरी केली. पोरांना पळवायचं, गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी. आमच्याकडे सगळे क्रिकेटचे वेडे, आणि याने मुलींची सॉफ्टबॉलची टीम उभी केली. बेसबॉलचीच धाकटी बहीण ती. एकीने चेंडू फेकायचा, दुसरीने बॅटने तो टोलवायचा आणि चार कोपऱ्यांना फेरी मारून परत यायचं. हातमोजे पुरायचे नाहीत, मग एका टीमचे काढून दुसऱ्या टीमला घालायचे. आई म्हणायची, "याचं लग्न त्या मैदानाशीच लावा." पण लग्न सुमनवहिनीशी झालं, आणि तिने आयुष्यभर त्याच्या मातीने भरलेल्या पँटी धुतल्या.

दादा गुणी होता, पण हट्टी होता, आणि एका बाबतीत तर असह्य होता. शाळांच्या स्पर्धांमध्ये वय चोरणं ही आपल्याकडे जवळजवळ रीतच आहे. सतराच्या आतल्या टीममध्ये एकोणिसाव्या वर्षातले घोडे खेळतात, जन्माचा दाखला हवा तसा मिळतो, पंच तिकडे बघत नाहीत. दादा बघायचा. दुसऱ्यांचे दाखले तर बघायचाच, पण आधी स्वतःच्या टीमचे. मेघा त्याच्या टीमची पिचर होती, म्हणजे चेंडू फेकणारी, आणि टीमचा सगळा भार तिच्यावर. संभागाची, म्हणजे विभागाची स्पर्धा देवासला होती आणि वयाच्या तारखेत ती थोडक्यात बाहेर पडत होती. शाळेचा बाबू म्हणाला, "सर, एक आकडा इकडचा तिकडे, कुणाच्या बापाला कळतंय?" दादाने तिचं नाव स्वतःच्या हाताने कापलं. टीम तिच्याशिवाय गेली आणि पहिल्याच सामन्यात हरून परत आली. वहिनीने त्याच्याशी अबोला धरला. मेघाने रडारड केली नाही, नुसता हातमोजा माळ्यावर टाकला आणि पुन्हा खेळली नाही. मी तेव्हाही त्याला म्हटलं होतं, तू बाप आहेस की फौजदार? तो म्हणाला, "मैदानावर पीटी सर आहे."

पुढे वहिनी आजारी पडली. इंदूरच्या दवाखान्याच्या खेपा, मग खेपाही थांबल्या आणि ती गेली. मग दादाचा उजवा हात-पाय गेला. ज्याने पोरांना उन्हात फेऱ्या मारायला लावल्या, त्याला बाथरूमपर्यंत जायला कमला लागायची. सगळ्यात वाईट होती ती शिट्टी. तोंड वाकडं झालेलं, ओठ मिटत नव्हते. तरी शिट्टी तोंडात धरायचा आणि हवेऐवजी लाळ यायची. मी तोंड दुसरीकडे फिरवायची.

मेघाने त्याला आपला जुना लॅपटॉप आणून दिला तो या दिवसांत. तिच्या ऑफिसातल्या काही जणांची एक लीग होती. खरी नाही, कंप्यूटरवरची. प्रत्येकाची एक बेसबॉल टीम. खेळाडूंची नावं आपण घालायची, कोण फेकेल, कोण आधी बॅट घेईल ते ठरवायचं, आणि मग बटण दाबून बघत बसायचं. सामना मशीन खेळतं. खेळाडू दमतात, त्यांचे पाय मुरगळतात, वयाप्रमाणे मंदावतात. रोज संध्याकाळी सातला एक सामना. लीगची कारभारीण मेघाच होती. बापलेकीत देवासनंतर मोकळं बोलणं फारसं उरलं नव्हतं, फोनवर "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या" एवढंच. मला वाटतं तिने हा मधला रस्ता काढला.

दादाने टीमचं नाव ठेवलं 'उज्जैन नवरत्न', कारण मैदानात नऊ जण असतात. आणि नऊ जणांत भरती कुणाची केली, तर आमचीच! मी उजव्या कोपऱ्यात, शाळेचा तो बाबू तिसऱ्या कोपऱ्यात, महाराष्ट्र मंडळातले चार म्हातारे, दोन शेजारी. आणि पिचर सुमनवहिनी. तिला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पण प्रत्येक नावापुढे वयाचा रकाना होता, आणि तिथे गाडी अडली. दुसऱ्या टीमवाल्यांनी सगळे बावीस-चोविशीचे घातलेले. याने माझं वय घातलं सहासष्ट.

"दादा, अरे मशीनला काय कळतंय? पंचवीस लिही ना. बाईचं वय असं चारचौघांत लिहितात का?"

"दाखल्याप्रमाणे," तो म्हणाला.

वहिनीच्या रकान्यापाशी मात्र तो थांबला. मग मला विचारलं, "गेलेल्याचं वय… थांबतं की वाढतं?" शेवटी त्यानेच ठरवलं की जन्मतारीख बदलत नाही, म्हणजे वाढतं. आणि असती तर जेवढी असती तेवढं वय त्याने डाव्या हाताने, एका बोटाने घातलं.

अशी ती म्हाताऱ्यांची टीम मैदानात उतरली आणि आपटली. रोज हार. मी संध्याकाळी त्याच्याकडे जायची, सात वाजले की तो शिट्टी माझ्या हातात द्यायचा, मी ती फुंकायची आणि मग तो बटण दाबायचा. शिट्टीशिवाय खेळ सुरू करायचा नाही, हा त्याचा कायदा. वरच्या मजल्यावरून ओरडा यायचा, "आंटीजी, बच्चे की पढ़ाई चल रही है!" एके रात्री मी घरी पोचते न पोचते तोच याचा फोन. "घोटा कसाय?" मी घाबरले, म्हटलं कुणाचा घोटा? "तुझा. आता बघितलं, आठव्या इनिंगमध्ये मुरगळलाय… बर्फ लाव." ही त्याची जुनी सवय. मैदानावर ज्या पोरीला लागलं, तिच्या घरी रात्री जाऊन चौकशी करायची. आता जाणं बंद होतं, म्हणून फोन. मंडळातल्या म्हाताऱ्यांनाही फोन जायचे, आणि ते बिचारे खरंच आपापले गुडघे चोळत बसायचे.

मध्येच एक बरा काळ आला. का आला ते मशीनला ठाऊक. वहिनी अशी फेकायला लागली की समोरचे पोरगे उभेच राहायचे. नवरत्न जिंकायला लागले. मेघाचा फोन आला की आता गोळ्यांची चौकशी नसायची. "बाबा, आज आईने काय धुतलंय त्यांना!" आणि दादा वाकड्या तोंडाने हसायचा, डोळ्यांतून पाणी काढून हसायचा. त्या घरात इतक्या वर्षांनी वहिनीचं नाव मोठ्याने घेतलं जात होतं. मला वाटलं, चला, यांचं सूत जुळलं. पण म्हाताऱ्यांचा दम किती टिकणार. एकेक जण जायबंदी व्हायला लागला, पुन्हा हार सुरू झाली, आणि टीम तळाला जाऊन बसली.

सीझन संपायला थोडेच सामने उरले होते तेव्हा मेघाने ती गोष्ट सांगितली. पंचेचाळिशीच्या वरच्या सगळ्यांना हा गेम सीझन संपताच निवृत्त करतो, नावं आपोआप जातात. "बाबा, बाकीच्यांचं राहू द्या. पण आई… मी ॲडमिन आहे, मी तिचं वय बावीस करून टाकते. एक क्लिक. कुणाला कळणारही नाही."

दादा म्हणाला, "नको."

"बाबा, गेमच तर आहे ना!" तिचा आवाज चढला. "एकदा तरी… एकदा तरी माणसासारखं वागा!" आणि तिने फोन ठेवला. मीही त्याला सोडलं नाही. म्हटलं, देवासला पोरीचं नाव कापलंस, आता बायकोचं कापतोयस, वर घेऊन जाणार आहेस का तो तुझा खरेपणा? तो तुटक तुटक बोलला, मला कान जवळ न्यावा लागला. "बावीसची सुमन… मी कुठे बघितलीय. लग्न तिच्या पंचविसाव्या वर्षी झालं. ती दुसरीच कुणी पोरगी होईल." आणि मग, "मेघाला तेव्हा खोटं वय नाही दिलं. आता तिच्या आईला देऊ? पोरीला काय वाटेल… की ती कमी होती?"

हे मेघाला सांग, मी म्हटलं. त्याने नकारार्थी मान हलवली. बापलोकांना हे का जमत नाही, मला माहीत नाही.

शेवटचा सामना नवरत्न हरले, एका रनने. वहिनीने शेवटपर्यंत फेकलं, तिला बदलायला मागे कुणी नव्हतंच. सामना संपला आणि पडद्यावर नावं यायला लागली, एकामागे एक, निवृत्त, निवृत्त. माझंही आलं. वहिनीचं आलं तेव्हा त्याने मला ते वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. "बंद कर," तो म्हणाला. त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि लॅपटॉपवर ठेवली. त्यानंतर मी रोज जायची, सात वाजायचे, आम्ही दोघं बसून राहायचो. एकदाच तो आपण होऊन बोलला, आणि तेही लौंगवाली आणायला सांगायला.

मला त्याचा राग आहे. स्मृतिलेखात असं लिहीत नाहीत म्हणे, पण आहे. एक क्लिक केली असती तर शेवटचे दिवस मेघा त्याच्याशी बोलली असती. ती बोलली नाही, आणि आली ती थेट चक्रतीर्थावर.

तेरावं झाल्यावर ती परत गेली. घर अजून तसंच आहे, किल्ली माझ्याकडे. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. लीगचा नवा सीझन सुरू होतोय, नवरत्नांच्या जागी मशीनने आपल्या मनाने कोवळी पोरं भरलीत, विदेशी नावांची. "आत्या, दोन जागा मी रिकाम्या ठेवल्यात. बाबांना घालू? आईलाही घालता येईल, नव्याने. दोघांचं वय काय टाकू… बावीस?"

तेव्हा मी तिला सांगितलं. दादा माझ्या कानात जे बोलला होता ते सगळं, ती कमी होती असं तिला वाटेल हेसुद्धा. पलीकडून बटणांचा आवाज आला.

"आईला नाही घालत," ती म्हणाली. "बाबांना घातलंय."

"वय?"

"दाखल्याप्रमाणे." पुन्हा एक बटण वाजलं. "एक सीझन खेळतील, आत्या. मग जातील."

काल पहिला सामना होता. मी नानाखेड्याला गेले, कुलूप काढलं, त्याच्या खुर्चीवरची धूळ झटकली, पण बसले बाजूच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर. सात वाजता लॅपटॉपवरची शिट्टी उचलून फुंकली आणि बटण दाबलं. वरून कुणी ओरडलं नाही. त्या सगळ्या विशीच्या पोरांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचा एकटा दादा पळत होता. त्याला असंच बघायची आम्हाला सवय, पोरांच्या घोळक्यात एक म्हातारं माणूस. नवरत्न हरले. आणि सहाव्या इनिंगमध्ये पडद्यावर आलं की त्याचा घोटा मुरगळलाय.

मी फोन हातात घेतला. त्याचं नाव काढलं, लावायला बोटही नेलं… आणि खुर्चीशेजारच्या कपाटात मी चार्ज करून ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागेल या भीतीने तशीच बसून राहिले.