पुलाच्या फोटोखालचं नाव

झुराकान वहिनींनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं, यात आमच्या आक-चिय या किर्गिझ गावात कुणाला नवल वाटत नाही. इथली कुठलीच सून नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही आणि थोरल्या दिराचं तर मुळीच नाही. ज्याला त्याला टोपणनाव. सासऱ्याच्या नावात लांडगा असेल तर कळपावर लांडगा पडला तरी बाई 'तो ओरडणारा आला हो' अशीच बोंब मारणार. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव एकदाच घेते. तो वारल्यावर, भिंतीकडे तोंड करून बसून, शोकाच्या गाण्यात. वहिनींवर ती वेळ आली नव्हती, कारण त्यांचा नवरा जिवंत आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो माझा चुलतभाऊ, ओरोझाली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर. नाकावर जाड भिंगाचा चष्मा आणि चष्म्यापुढे कॅमेऱ्याचं भिंग, म्हणून गावातल्या सुनांनी त्याचं नाव काचडोळे ठेवलं. त्यांची पोरं तेच ऐकत मोठी झाली, त्यामुळे अर्ध्या गावाला त्याचं खरं नाव ठाऊकच नव्हतं. रुबल जाऊन सोमच्या नोटा आल्या त्या साली वर्तमानपत्र बंद पडलं आणि हा लोकर विकायला रशियात ओरेनबुर्गला गेला. पोस्टात त्याचा एकदा फोन आला. थंडी फार आहे, कॅमेरा ठीक आहे, एवढंच बोलला. माणूस ठीक आहे का ते सांगायचं राहिलं. त्यानंतर काही नाही. गावानं त्याला कधी बर्फात मारलं, कधी रशियन बाईशी संसार थाटून दिला. वहिनी दोन्ही ऐकून घ्यायच्या आणि गाईची धार काढायला उठायच्या. मूलबाळ नव्हतं. त्याचा स्वतःचा धड एक फोटोही घरात नाही, कारण कॅमेरा कायम त्याच्याच हातात.

मी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर नेटवरच्या ज्ञानकोशात आमच्या खोऱ्यातल्या गावांवर किर्गिझमध्ये लेख लिहायला लागलो. बायको म्हणते, निवांत बसायची सवय नाही म्हणून. असेलही. पण या कामात माझं डोकं एका गोष्टीनं कायम तापलेलं असतं. आमच्याकडे शेंबड्या पोराला विचारा, बापाची सात पिढ्यांची नावं धडाधड म्हणून दाखवेल. पण फोटो कुणी काढला? कुणाला पडलेली नाही. खाली लिहायचं, 'इंटरनेटवरून साभार'. जसं काही इंटरनेट घोड्यावर बसून कुरणात गेलं, ढग हटायची वाट बघत बर्फात पाय गोठवत उभं राहिलं आणि त्यानं बटण दाबलं!

तर, आक-चियच्या लेखाला मला जुन्या लाकडी पुलाचा फोटो हवा होता. पूल पुरात वाहून गेला आणि त्याचा फोटो जगात एकाच भिंतीवर होता. वहिनींच्या. मेंढ्यांचा कळप पुलावरून येतोय, धुळीतून ऊन तिरकं पडलंय, असा.

"ने की," वहिनी म्हणाल्या. "पण खाली त्यांचं नाव येईल ना?"

"येणार म्हणजे? नाव नसेल तर मीच लावणार नाही."

"आणि ते कुठे कुठे दिसतं रे मास्तर?"

"सगळीकडे. बिश्केक, मॉस्को, कुठेही."

"ओरेनबुर्गला?"

"तिथेही."

त्यांनी वाटीतले कुरुताचे, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे, गोळे माझ्याकडे सरकवले. मग म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी कधी आपलं गाव उघडून बघितलं तर कळेल त्यांना. की अजून कुणीतरी नाव जपून ठेवलंय."

मी दुसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरपुढे बसलो. मी दोन बोटांनी टाइप करतो, माझी बायको गुलसुन पूर्वी सामूहिक शेतीच्या कचेरीत टायपिस्ट होती, म्हणून मी सांगत गेलो आणि ती टाइप करत गेली. फोटो चढला; काढणाऱ्याचं नाव फोटोवर टिचकी मारली की खाली उघडतं. लेख झकास दिसत होता. माझा स्वतःचा लेख वाचताना माझं लक्ष माझ्या वाक्यांवर होतं, हे आपलं उगीच लपवत नाही.

तेव्हापासून वहिनी दर बाजाराच्या दिवशी यायच्या. येताना खिशात बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, गरम असतील तर फडक्यात गुंडाळलेले. चहा घ्यायच्या, पडद्यावरचा पूल बघायच्या आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "कुणी काही लिहिलं का रे खाली?" त्या सहजपणाची मला धास्ती वाटायची. मी म्हणायचो, "अजून नाही, वहिनी." त्या म्हणायच्या, "त्यांचे डोळे अधू. वाचायला वेळ लागतो."

मग एकदा खरंच कुणीतरी लिहिलं. मी ओरडलोच. पण ते ओरेनबुर्गहून नव्हतं. ज्ञानकोशाच्या कुणा तपासनीसानं अगदी अदबीनं विचारलं होतं, की छायाचित्रकार म्हणून 'काचडोळे भाऊजी' असं दिलं आहे, ही व्यक्ती कोण?

मी गुलसुनकडे बघितलं. ती चुलीत शेणी सारत होती.

"हे काय लिहिलंस?"

"मग काय लिहू? थोरले दीर आहेत माझे."

"अगं, मी तुला ओरोझाली बेर्दिकुलॉव असं सांगितलं होतं!"

"तुम्ही सांगितलंत. तुम्हाला सांगायला काय जातंय? तुमचे काही दीर नाहीत ते."

"बोलायचं नसतं हे कळतं मला. टाइप करायला काय झालं?"

"तोंडानं खाल्लं काय नि बोटानं चाटलं काय," ती म्हणाली आणि चुलीचं दार आपटलं.

मी हसून हसून बेजार झालो. सगळ्या जगाच्या ज्ञानकोशात माझ्या भावाला असा मान मिळाला होता. वहिनींना सांगितलं तर त्याही हसल्या, तोंडावर रुमाल धरून. "राहू दे तसंच," म्हणाल्या. "त्यांना ते लवकर ओळखू येईल. दुसरं कोण म्हणतं तसं?"

पण तसं राहू देता येत नव्हतं. मी खरं नाव घातलं, आणि मग तपासनीसाचा पुढचा प्रश्न आला. छायाचित्रकार हयात असतील तर परवानगी त्यांनी स्वतः कळवावी. हयात नसतील तर वारसानं त्यांचं नाव आणि मृत्यूचं साल देऊन कळवावी. नाहीतर फोटो काढून टाकावा लागेल. नियम योग्यच होता. दुसऱ्याची वस्तू न विचारता लावू नये हे मीच इतकी वर्षं बोंबलत होतो.

मी वहिनींना हे सांगितलं.

"म्हणजे नाव राहू द्यायचं तर मी म्हणायचं की ते नाहीत," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि आहेत म्हटलं तर?"

"तर त्यांनी स्वतः लिहायला हवं."

"मग लिहितील," त्या म्हणाल्या. "थांबायला सांग त्या माणसाला."

तो बिचारा थांबला, त्याच्या परीनं बराच थांबला. पानझडीत फोटो गेला. वहिनी आल्या तेव्हा पुलाच्या जागी नुसता मजकूर वर सरकलेला होता. त्यांनी पडद्यावर त्या ठिकाणी बोट ठेवलं. मी त्यांना सांगितलं, की फोटो गेला की खालचं नावही जातं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. नारिनच्या इस्पितळातून परत आणलं तेव्हा अंगावरचा कोट मोठा वाटायला लागला होता. चालत आमच्याकडे आल्या, मी रागावलो तरी ऐकलं नाही.

"मास्तर, मी मेले तर परवानगी कोण देणार?"

"मी बघेन काहीतरी."

"तू वारस आहेस का?"

"नाही."

"मग खोटं कशाला बोलतोस?" त्यांनी रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. "मी अशी थांबून राहिले तर मी जाईन तेव्हा त्यांचं नावही जाईल. तो पूल कुणी बघितला होता हे कुणाला कळायचं नाही. थांबण्यात मला बरं वाटत होतं रे. सकाळी उठायला एक कारण होतं. पण ते माझं झालं. त्यांचं काय?"

मी भूगोलाचा मास्तर, नकाशावर ओरेनबुर्ग डोळे मिटून दाखवीन. पण त्या दिवशी मी वहिनींना फक्त त्यांच्या दारापर्यंत पोचवून आलो.

बर्फ वितळायला लागल्यावर त्यांनी मेंढा कापायला सांगितला आणि गावातल्या बायकांना बोलावलं. मी अंगणात मोठ्या कढईखाली लाकडं घालत होतो. आत बायकांची कुजबुज थांबली. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या असणार. मग त्यांचा आवाज आला, आधी खोकल्यानं तुटलेला, मग चढत गेलेला. तू गेलास तेव्हा मागे वळून माझ्याकडे बघितलंस, तुझा चष्मा चमकला, डोळे दिसले नाहीत, असं काहीसं होतं. आणि मग त्यांनी त्याला हाक मारली. ओरोझाली. पुन्हा, ओरोझाली. ते नाव मी जन्मभर ऐकलं होतं, पण असं कधी नाही. बायका रडत होत्या. मी पण रडलो, आणि धुराचं निमित्त सांगायला तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काळा रुमाल बांधून आल्या. गुलसुन कॉम्प्युटरपुढे बसली. मी मागे उभा राहिलो.

"फोटो काढणाऱ्याचं नाव?" गुलसुननं वाचलं.

वहिनींनी नाव सांगितलं. आडनावासकट, शाळेतल्या मुलीसारखं स्पष्ट. गुलसुनची बोटं जरा अडली, आणि मग तिनंही ते तसंच टाइप केलं.

"जाऊबाई," ती हळूच म्हणाली, "जिवंत असतील तर हे वाचून भांडायला तरी येतील."

"येऊ देत," वहिनी म्हणाल्या. "फार गोष्टी साठल्यात भांडायला." त्या हसल्या, आणि हसू मधेच विरलं.

पुढची चौकट मृत्यूच्या सालाची होती. मी विचारलं.

"वहिनी, तो फोन आला त्याच्या पुढचं साल घालू या का? त्यानंतर काहीच कळलं नाही. तसंच धरतात."

"नाही." त्या पडद्याकडे बघत होत्या. "यंदाचं घाल."

"यंदाचं?"

"यंदाचंच. कालपर्यंत होते ते."

गुलसुननं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं यंदाचं साल टाइप केलं.