जावयाचं पिंप

नवघरच्या चाळीत शेवंतीची खोली. खोलीत मोरी होती, पण मोरीला दार नव्हतं. जुन्या साडीचा पडदा होता. नवरा मात्र लोखंडात काम करणारा. केबिन रोडच्या मागच्या गल्लीत नाथाचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं आणि आसपासच्या कितीतरी इमारतींच्या खिडक्यांना त्यानेच ग्रिल बसवल्या होत्या. गिऱ्हाइकाचं काम आधी, ही त्याची रीत. मोरीचा विषय काढला की म्हणायचा, "करतो ना. घरचंच तर काम आहे."

सव्वीस वर्षं शेवंती आंघोळीच्या वेळी नवऱ्याला "जरा बाहेर जा" म्हणत आली. मुलगी क्षितिजा मोठी झाली, तसा तो न सांगताच उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायला लागला. तेवढी समज त्याला होती. दार करण्याइतकी नव्हती.

क्षितिजाने लग्न स्वतःच जमवलं. नीरज मीरा रोडच्या टॉवरमध्ये राहणारा, कंपनीत नोकरीला. त्याची आई मनोरमा शाळेतून निवृत्त झालेली, दादर सोडून इकडे आलेली. लग्नात हॉलपासून विड्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. वधूची आई म्हणून शेवंती नव्या साडीत नुसती बसून होती. पण पहिलं बाळंतपण माहेरी होणार, हे तरी तिच्याकडून कोणी काढून घेणार नव्हतं. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोर घरी येणार. शेवंती दोन घरी पोळ्या करायची. तिथे तिने सुट्टीचं सांगून ठेवलं. गोधड्या धुतल्या, ओवा-शेपा निवडून डबे भरले. आणि नाथाला बजावलं, "अहो, या वेळी दार पाहिजे म्हणजे पाहिजे. अवघडलेली पोर पडद्याआड आंघोळ करायची नाही."

नाथाने खरंच चौकटीसाठी लोखंडी अँगल आणला, पत्रा आणला, पितळी बिजागऱ्याही आणल्या. शेवंतीने त्या बिजागऱ्या हातात घेऊन दोन-चारदा उघडमीट करून पाहिल्या.

त्याच रविवारी जावयाचा फोन आला.

"बाबा, ड्रमचा स्मोकर बघितलाय कधी? मंद धुरावर चिकन शिजवतात. व्हिडिओ पाठवतो. तुम्हाला जमेल?"

"जमेल काय, करूनच देतो!" नाथा म्हणाला. एरवी फोनवर बसून बोलणारा माणूस उठून उभा राहिला होता.

"आणि दार?" शेवंतीने विचारलं.

"दाराला काय लागतंय? दोन दिवसांचं काम. जावयाने पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलंय. नाही म्हणू?"

"ज्याची बायको येणार, त्याच्याच ड्रमापायी तिचं दार राहणार होय?"

"आजवर सगळं त्यांचंच घेतलं आपण. एक वस्तू तरी आपल्या हातची त्यांच्याकडे जाऊ दे की."

ते शेवंतीलाही आत कुठेतरी टोचत होतंच.

नाथाने भंगारवाल्याकडून खायच्या तेलाचं लोखंडी पिंप निवडून आणलं. आतला रंग जाळायला त्यात लाकडं भरून चाळीसमोर पेटवलं, तेव्हा शेजारची सरूबाई नाकाला पदर लावून ओरडली, "काय रे नाथा, कोणाला जाळतोस? बायकोला तर नाही ना?"

"तिला कशाला जाळू? ती आधीच पेटलेली आहे," नाथा म्हणाला. सगळे हसले.

मग कापणं, घासणं सुरू झालं. खाली हवेसाठी झडप, वर धूर जायला पाइप, मध्ये सळ्यांची जाळी, निखाऱ्यांसाठी टोपली. नव्या तव्यासारखं आतून तेल चोळून त्याने ते तापवलं. गिऱ्हाइकाचीही कामं मागे पडली. जेवतानाही तो झाकणाबद्दल बोलायचा. दारासाठी आणलेल्या अँगलचे पिंपाला पाय झाले. बिजागऱ्या झाकणाला गेल्या.

"दुसऱ्या आणतो," तो म्हणाला.

पिंप न्यायला नीरज टेम्पो घेऊन आला, सोबत मनोरमाही. "म्हटलं, तुमचं घर नीट बघणंच झालं नव्हतं," त्या हसून म्हणाल्या. शेवंतीने चहा टाकला, बशीत चिवडा दिला. चहा झाल्यावर मनोरमा उठल्या.

"शेवंतीताई, बाथरूम कुठे?"

शेवंतीने बोट दाखवलं. नाथा आणि नीरज बाहेर पिंपाजवळ होते, म्हणून कोणाला उठवावं लागलं नाही. मनोरमांनी पडदा बाजूला केला, आत पाहिलं आणि हातही न धुता परत आल्या.

"वाईट वाटून घेऊ नका हं. डॉक्टरही आमच्या घराजवळच आहेत. बाळंतपणाला क्षितिजाला आमच्याकडेच राहू दे. तुम्ही या की रोज."

"दार होतंय ताई. पत्रा आणून ठेवलाय, बिजागऱ्यासुद्धा..."

बाहेर नीरज झाकण उघडत होता, लावत होता. "बाबा, काय मस्त चालतंय हो! आवाजसुद्धा नाही!"

शेवंतीने चहाचे कप उचलले.

पुढच्या शनिवारी टॉवरच्या गच्चीवर पिंप पेटलं. विहीणबाईंनी दोघांनाही बोलावलं होतं. नाथा इस्त्रीचा शर्ट घालून नीरजच्या मित्रांना झडप किती उघडायची ते दाखवत होता आणि ते त्याला "अंकल, एक नंबर!" म्हणत होते. शेवंती खाली त्यांच्या घरात क्षितिजाजवळ बसली होती. पोरीचे पाय सुजले होते. शेवंती ते चोळत होती.

"तुझ्या सासूने बघितलं नसतं, तर काही झालं नसतं," ती म्हणाली. "आठ दिवसांत दार लागलं असतं. मला कळलंही नाही त्या येणार ते."

क्षितिजाने पाय जवळ ओढून घेतला.

"आई, मीच सांगितलं होतं त्यांना. एकदा जाऊन बघून या म्हणून."

शेवंतीचा हात तसाच राहिला.

"तुला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं. दार केलं असतंस तरी... एका खोलीत, बाळ, बाबा, पाणी भरायला पहाटे उठणं... मला नको होतं गं."

दारात नाथा आला. हातात डिश, तोंडभर हसू. "अगं, चाखून तरी बघ! नीरजरावांनी मुद्दाम पाठवलंय. त्यांच्या मित्राला पण असं पिंप बनवून पाहिजे म्हणतात." डिश टेबलावर ठेवून तो लगेच परत वर धावला.

"बाबांना सांगू नकोस हं, मी बोलले ते," क्षितिजा म्हणाली.

"त्यांना कशाला सांगू?" शेवंती म्हणाली. "ते खूश आहेत."