सहा दहाचा फोन

माझ्या आक्काला मंडळाचं पूर्ण नाव एका दमात म्हणता यायचं. बाकीच्या दहा जणींना ते कधी जमलं नाही. नाव परदेशी होतं, पाच शब्दांचं, म्हणून सगळ्या नुसतं 'मंडळ' म्हणत. मंडळाच्या आमच्या गावच्या शाखेला आता पन्नास वर्षं होतील. त्यानिमित्त आक्काबद्दल चार पानं लिहा, असं तिथल्या बायकांनी मला सांगितलं. त्यांना बहुतेक तिच्या नोकरीची माहिती हवी असणार, ती आधी देतो. आक्का अडतीस वर्षं लहान मुलांच्या इस्पितळात परिचारिका होती. लग्न केलं नाही. मी विधुर झाल्यावर मला म्हणाली, "एकटा राहून काय दिवे लावणार आहेस? चल माझ्याकडे." तेव्हापासून मी तिच्याकडेच होतो.

आता मंडळाबद्दल. त्याची सुरुवात फार पूर्वी, दूरच्या एका बंदराच्या शहरात झाली. तिथल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नऊ बायका कामाला होत्या. सगळ्या भाड्याच्या खोल्यांत एकेकट्या राहायच्या. एका हिवाळ्यात तापाची साथ आली आणि त्यांच्यातली एक कामावर आली नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरीला सांगून गेली असेल. सहाव्या दिवशी घरमालकाने दार उघडलं. उरलेल्या आठ जणींनी त्या दिवशी ठरवलं, की रोज सकाळी एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि शेवटचीने पुन्हा पहिलीला. दिवसभर जगाचे फोन जोडणाऱ्या बायका त्या, त्यांना हेच सुचणार. पुढे त्यांचं मंडळ चाळीस देशांत पसरलं. त्यांनी दवाखाने काढले, मुलींची वसतिगृहं काढली, युद्धात नवरे गमावलेल्या बायकांसाठी शिवणशाळा काढल्या. पण नियमांच्या पुस्तकात पहिल्या पानावर आजही फोनची साखळीच आहे. ते पुस्तक आक्काने मराठीत आणलं, मी टाइप केलं.

आमच्या शाखेची साखळी आक्काने सुरू केली आणि मी सांगतोय त्या वेळेपर्यंत एकतीस वर्षं सांभाळली होती. अकरा जणी. सकाळी सहा दहाला शिवणबाई आक्काला फोन करायच्या. त्या एकट्या राहायच्या आणि पहाटेच शिवणाच्या मशीनवर बसायच्या, म्हणून पहिला मान त्यांचा. फोन करणारीने "उठले" म्हणायचं, घेणारीने "हं" म्हणून ठेवायचं आणि पुढचा नंबर फिरवायचा. गप्पा नाहीत. आक्कानंतर हेडबाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. असं करत अकरावी यायची बँकवाली, ती शिवणबाईंना फोन करून साखळी पूर्ण करायची. फोन आला नाही तर दहा मिनिटं थांबून स्वतः त्या घरी जायचं, असाही नियम होता. कुणाला सुट्टी हवी असली, तर आदल्या दिवशी सांगायचं. आक्काने एकतीस वर्षांत एकदाही सुट्टी घेतली नव्हती, आणि हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

त्यातूनच ते घडलं. एका रविवारी आक्काचा आवाज पार बसला. डॉक्टरांनी बजावलं, आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. तिने कागदावर मला लिहून दिलं, "सकाळचा फोन तू घे. माझ्यासारखा खाकर. कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "आक्का, हेडबाईंना सांगून सुट्टी घे ना. एवढा काय आकांत आहे?"

तिने पुन्हा लिहिलं, "घोडं गंगेत न्हाऊ दे. आठच दिवस."

सोमवारी सहा दहाला फोन वाजला. शिवणबाई म्हणाल्या, "उठले." मागे मशीनच्या पायट्याचा, म्हणजे पायाने हलवायच्या पट्टीचा, आवाज चालू होता. मी खाकरून "हं" म्हटलं. मग हेडबाईंना फोन लावून शक्य तितक्या बारीक आवाजात "उठले" म्हणालो आणि घाम पुसला.

मंगळवारीही फोन वेळेवर आला. "उठले" हा शब्द मात्र फार लांबून आला, रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसा. पायटा हळू चालला होता. लाइन खराब असेल, असं मला वाटलं.

बुधवारी फोन आला तेव्हा पलीकडे काही वेळ कुणी बोललंच नाही. पायटा एकदा हलायचा, थांबायचा, पुन्हा एकदा हलायचा. मग शिवणबाई म्हणाल्या, "आज कुणी येईल का?"

नियमात न बसणारं वाक्य होतं ते. त्याला उत्तर द्यायचं तर माझा आवाज उघडा पडला असता. मी खाकरलो, "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. आक्काला फक्त मान डोलावून दाखवली, की झालं.

त्याच दुपारी शेजाऱ्यांनी शिवणबाईंचं दार फोडलं. त्या मशीनपुढच्या खुर्चीतच होत्या. दाराशी सोमवार, मंगळवार आणि बुधवार अशी तीन दिवसांची वर्तमानपत्रं पडली होती. डॉक्टर म्हणाले, रविवारी संध्याकाळीच गेल्या आहेत, यात शंका घ्यायला जागा नाही. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि रिसीव्हर जागेवर नीट ठेवलेला होता.

आक्का ऐकून आली आणि पलंगावर बसली. आवाज नव्हता, तरी घोगऱ्या कुजबुजीत तिने विचारलं, "फोन आले होते ना रे? तिन्ही दिवस?"

"आले होते."

"मग?"

बुधवारचं वाक्य मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

महिन्याभरात मुख्य कचेरीचं पत्र आलं. सभासद तीन दिवस मरून पडते आणि साखळीला पत्ता लागत नाही, हे कसं झालं याचा खुलासा करा. तो पटला नाही, तर आपल्या शाखेची साखळी बंद करण्यात येईल. पत्र सभ्य भाषेतलं होतं, पण आक्का ते वाचून दोन दिवस जेवली नाही. तिच्या आयुष्यात इस्पितळ संपलं होतं, उरली होती ती साखळीच. मधल्या काळात शिवणबाईंच्या भाचीने फोडलेलं दार दुरुस्त करून खोली रिकामी केली, फोन खात्याला परत केला आणि किल्ली घरमालकाला द्यायला म्हणून आक्काकडे ठेवून ती आपल्या गावी गेली.

शाखेची सभा ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत भरायची. मी दरवाज्याजवळ बसून इतिवृत्त लिहून घ्यायचो, तेवढंच माझं काम. त्या दिवशी दहा जणी होत्या. मला तेव्हा वाटलं, सगळ्यांच्या मनात एकच आहे, की फोन आलेच नव्हते. आक्का झोपून राहिली आणि उगाच पुढे "उठले" म्हणून मोकळी झाली.

बँकवाली म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका आक्का, पण वय झालं की माणूस चुकतं. बंद करू या साखळी. हल्ली कोण करतंय असलं?"

हेडबाई म्हणाल्या, "आक्का, तुम्ही काहीच का बोलत नाही? नेहमी तर तुमच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही."

आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "चूक माझी आहे. लिहा तसं."

ती मला वाचवत होती. मी पेन खाली ठेवलं आणि उभा राहिलो. "ते फोन मी घेतले," असं म्हणालो. मग आठवडाभर आवाज बसल्याचं, खाकरण्याचं, सगळं सांगितलं.

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," हेडबाई म्हणाल्या. "तुमचं ते 'उठले' म्हणजे कोंबडीच्या मानेवर पाय पडावा तसं होतं. मी तीन दिवस तोंडात पदर कोंबून हसत होते."

सगळ्या हसल्या. मग एकीने विचारलं, "म्हणजे फोन खरंच आले? बोललं कोण?"

"शिवणबाई," मी म्हणालो. "बुधवारी त्यांनी विचारलं, आज कुणी येईल का. मी नुसतं हं म्हटलं."

हसणं थांबलं. खोलीत वर पंखा फिरत होता, त्याची कडी दर फेरीला वाजत होती. तेवढ्यात बँकवालीने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले आणि ती म्हणाली, "माझाही फोन उचलला होता तिकडे. तिन्ही दिवस. मी 'उठले' म्हटलं की पलीकडून 'बरं' यायचं. लोक मला वेडी म्हणतील म्हणून मी बोलले नाही."

निर्णय आठ दिवस पुढे ढकलला गेला. घरी आल्यावर दारात चप्पल काढताना आक्का म्हणाली, "तिने विचारलं आणि तू हो म्हणालास. आणि आपण गेलो नाही."

"दुपारी दार फोडलं ना त्यांनी."

"ते शेजारी गेले. आपण नाही."

शिवणबाई गेल्यापासून साखळी आक्का सुरू करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घड्याळ समोर घेऊन फोनपाशी बसली. मी चहा घेऊन शेजारी उभा होतो. सहा दहा झाले, तिने रिसीव्हरवर हात ठेवला, आणि हाताखालीच फोन वाजला.

तिने विस्तवावरून काढावा तसा हात काढला. फोन वाजतच राहिला. त्या वेळी आम्हाला फोन करणारं कुणी उरलं नव्हतं.

"तू घे," आक्का म्हणाली. "तुलाच विचारलं होतं."

मी घेतला. पायटा एकदा हलला आणि थांबला. मी माझ्या स्वतःच्या आवाजात म्हणालो, "येतोय. मी आणि आक्का, दोघंही निघालो." पलीकडून काही आलं नाही. थोड्या वेळाने लाइनच बंद झाली.

आम्ही तसेच निघालो. वीस मिनिटांची वाट, आक्का माझ्यापुढे चालत होती. किल्लीने दार उघडलं. खोली झाडून स्वच्छ केलेली होती. मशीन गेलं होतं, खुर्ची गेली होती, फोनच्या जागी भिंतीतून दोन कापलेल्या तारा बाहेर आल्या होत्या. आक्का जमिनीवर बसली. मीही बसलो. मग ती म्हणाली, "आलो गं. उशीर झाला." जिथे मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे ठसे होते. त्यातल्या एकावर तिने हात फिरवला. दहा मिनिटं बसून आम्ही कुलूप लावलं.

घराच्या कोपऱ्यावर वळलो तर आमच्या दाराशी गर्दी. जवळ गेलो तेव्हा दिसलं, मंडळाच्या नऊच्या नऊ जणी जिन्यात उभ्या होत्या. घाईत आक्का हेडबाईंना फोन करायचाच विसरली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा पुढे फोन गेला नव्हता. हेडबाईंनी दहा मिनिटं वाट पाहिली आणि पुढच्या सगळ्यांना कळवून त्या निघाल्या. एका पायात एक चप्पल, दुसऱ्या पायात वेगळीच. बँकवाली हातात हातोडी घेऊन आली होती.

"कुठे उलथला होतात दोघं?" हेडबाई ओरडल्या. "आणखी पाच मिनिटांनी दार फोडत होतो!"

आक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. इस्पितळात अडतीस वर्षं काढलेली बाई, मी तिला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. बँकवालीने हातोडी माझ्याकडे दिली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "बंदबिंद काही करायचं नाही. खुलाशात लिहा, की फोन आला नाही तर आम्ही येतो."

खुलासा मी टाइप केला. सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि त्या सकाळचंही, जसं झालं तसं. आक्काने खाली सही केली.