सुती दोरा

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मनात दुसरंच काहीतरी म्हणत राहते. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही. पण तोंडाने सांगणं मला जमत नाही. म्हणून लिहिते आहे — तुम्ही जवळ बसला आहात असं धरून.

मी शिवणकाम करते. जयपूरला आले ती नवऱ्याच्या फौजेच्या नोकरीमुळे. ते रिटायर झाले, इथेच झालान्याला एका ऑफिसच्या गेटवर पहारेकरी म्हणून लागले, आणि आम्ही जयपूरलाच, शास्त्री नगरात राहिलो. घरात साताऱ्याकडची मराठी, बाहेर हिंदी. बाहेर मी हिंदीतही फारसं बोलत नाही. ब्लाऊज शिवायला येणाऱ्या एका मराठी डॉक्टरबाईंनी मला त्यांच्या क्लबात नेलं. सुट्टीला नदीत होड्या वल्हवायला जाणाऱ्यांचा क्लब, सगळे हौसेने राबणारे. पाण्यात तरंगवणाऱ्या जॅकेटांचे पट्टे उसवायचे, ते शिवणारं कुणीतरी त्यांना हवं होतं.

आदर्श नगरला एका गॅरेजात सामान असे. सहलीच्या आधी दोन-तीन रविवार तयारी चाले. रबरी होड्या फुगवून त्यांना साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा आला की तिथे ठिगळ. दोर उलगडून पुन्हा पिशव्यांत भरायचे. मी कोपऱ्यात मशीनवर. त्या कोपऱ्याइतकं बरं मला घरीसुद्धा वाटत नव्हतं. कुणी काही विचारत नसे, आणि तरी मी त्यांच्यातली होते.

माथुरजी तिथले सगळ्यांत जुने. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पाण्यात उतरण्याआधी ते एकेकाला समोर उभं करायचे आणि जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढायचे. जॅकेट कानांपर्यंत आलं तर म्हणायचे, "ऐसे तो बेटा, जैकेट अकेली घूम के आएगी." मग पट्टे आवळायचे. कितीही माणसं असोत, एकही सुटत नसे. वाटेत खायला मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून द्यायची. चटणी तिखट, म्हणून "दीदी, बारूद लाई हैं ना?" असं ते विचारायचे. मी मान हलवायची. एवढंच आमचं बोलणं.

आता दोऱ्याचं सांगते.

जॅकेट शिवायला नायलॉनचा जाड दोरा लागतो. तो माथुरजीच आणून द्यायचे. त्या वर्षी पावसाळ्यानंतर एका निळ्या जॅकेटचा बाजूचा पट्टा शिवायला घेतला आणि दोरा संपलेला. माथुरजी पाच पावलांवर दोर गुंडाळत बसले होते. 'दोरा संपला' — दोन शब्द. पण त्यांच्याभोवती चार-पाच जण होते, हसत होते. मी तोंड उघडलं की सगळे वळून बघतील, असं वाटलं. माझ्या डब्यात काळा सुती दोरा होता, परकराला वापरते तो. रंग तोच. मी दुहेरी टीप मारली आणि जॅकेट ढिगात ठेवलं.

सुती दोरा ओला-सुका होऊन कुजतो हे मला माहीत नव्हतं का? शिवणारणीला माहीत नसतं, असं कधी होईल?

ते जॅकेट तळ्यावरच्या सरावात चार-पाचदा भिजलं, वाळलं. हिवाळ्यात सगळे चंबळेवर गेले. त्या खेपेला मीही गेले, काठावर स्वयंपाक करायला. सकाळी माथुरजींनी ओळीने जॅकेटं ओढून बघितली. निळं जॅकेट निशाच्या अंगावर होतं. कॉलेजातली मुलगी, तिचे वडीलही क्लबात. मी कणीक मळत होते, समोरच होते. माथुरजींनी तिचे खांदे धरले, ओढले. दोनदा. जॅकेट हललं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

खडकाशी होडी कलंडली आणि निशा पाण्यात पडली. जॅकेट डोक्यावरून निघून वर आलं, ती खाली राहिली. दुसऱ्या होडीतल्या दोघांनी तिला ओढून काढलं. पोटात पाणी गेलेलं, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. जगली ती. आज चालते-फिरते. उजवा खांदा थोडा उतरलेला आहे.

त्या गडबडीत जॅकेटकडे कोण बघणार? ओल्या सामानाबरोबर ते पोत्यात गेलं, आणि पोती नेहमीसारखी धुवायला माझ्या घरी आली. मी निळं जॅकेट काढलं. पट्टा लोंबत होता. टाक्यांच्या जागी काळं भुसकट.

इथपर्यंत चूक म्हणता येईल. पुढच्याला चूक म्हणत नाहीत.

मी सुईने एकेक तुकडा उपसून काढला. आता बाजारातून मी स्वतः जाऊन नायलॉनचा दोरा आणला — बघा, आणता येत होता. त्याच भोकांतून पट्टा शिवला. नवा दोरा चमकत होता, म्हणून अंगणातली माती ओली करून टिपेवर चोळली. वाळल्यावर झटकली. कुठे हात चुकला का? नाही. टीप सरळ आली. मला काही वाटत नव्हतं, आणि मग पुढेही काही वाटेनासं झालं. नवरा म्हणाला, "आधीच बोलायची मारामार, आता तर पार मुकीच झालीस की गं." मी भाकरी वाढली.

आठ दिवसांनी गॅरेजात सगळे जमले. निशाच्या वडिलांनी मी धुऊन आणलेलं निळं जॅकेट हातात घेतलं, पट्टा दोन्ही हातांनी खेचून बघितला. पक्का. बक्कल बघितलं. पक्कं. मग राहिलं काय? "मतलब आपने पट्टा कसा ही नहीं था, माथुरजी." आवळलाच नव्हता, असं. माथुरजी म्हणाले, "मैंने खींच के देखा था." पण आवाज बारीक होता. वडील माझ्याकडे वळले. "दीदी, आप तो वहीं थीं. देखा था आपने?"

सगळे वळून बघत होते. ज्याची मला भीती वाटायची, तेच.

मी मान हलवली. नाही.

डॉक्टरबाई काहीतरी म्हणाल्या, म्हातारं माणूस आहे, जाऊ द्या. माथुरजी आपल्या हातांकडे बघत होते. "हो सकता है," ते म्हणाले. "हो सकता है, इसका रह गया हो." गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. पुन्हा क्लबात आले नाहीत.

याला आता चार वर्षं झाली. क्लब चालू आहे. मी अजून जाते, पट्टे शिवते, नायलॉनने. टीप मारण्याआधी कुणाकडे दोरा मागायचा असला तर आता मागते. लोक म्हणतात, दीदी आता बोलायला लागल्या.

गेल्या महिन्यात माथुरजी घरी आले. पँट लांब होत होती, खालून दुमडून शिवायची होती. त्यांना दार उघडलं तेव्हा चटकन ओळखू आले नाहीत. बायको सांगते म्हणाले, गॅस बंद केला का ते मी चारदा जाऊन बघतो. कुलूप लावून कोपऱ्यावरून परत येतो. "भरोसा नहीं रहा, दीदी. उस लड़की का भी मुझे पक्का याद था कि खींचा है. याद का क्या है." हसले. मी मशीन चालवत होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. वळून बघणारं कुणी नव्हतं.

पँट शिवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने दुमड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मग थांबले. पँट माझ्यापुढे धरली.

"आप ही देख लीजिए. पक्का है ना?"

मी ओढून बघितलं.

"पक्का है जी," मी म्हणाले.