मांडूळ: दोन तोंडांची होडी

एकाहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या पलटणीला पूर्वेकडं हलण्याचा हुकूम आला. निघण्याआधी ज्यांची रजा शिल्लक होती त्यांना ती मिळाली. मी तेव्हा लान्स नाईक होतो. माझ्या सेक्शनमधला शिपाई सिदू माझ्याबरोबरच रजेवर निघाला. तो म्हसवडचा, मी सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठचा. चार दिवस घरी काढून तो एस.टी.नं माझ्या गावी आला. कारण साधं होतं. आम्ही जाणार होतो तो मुलूख नद्यांचा होता आणि सिदूला पोहता येत नव्हतं.

त्यात त्याचा काही दोष नाही. माणदेशात माणूस पोहणार कशात? "आमच्याकडं पान्याकडं जायाचं म्हंजे घागर घिऊनच," असं तो म्हणायचा. अंगानं मात्र रेड्यासारखा होता. संगीन चालवण्यात कंपनीत त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. पण कृष्णेचा पूर पाहिला आणि तो माझ्या मागं येऊन उभा राहिला.

"वस्ताद, ह्यात उतरायचं?"

"उतरायचं."

"मला वाळूतच शिकीव की रं."

आमचं मळीचं रान, म्हणजे काठचं गाळाचं शेत, नदीच्या पलीकडं होतं. पुरामुळं नाव बंद होती आणि जनावरांचा चारा पलीकडं अडकला होता. आमच्या भागात अशा वेळी लोक गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडतात. गूळ कढवायची ती लोखंडी परात, चार-सहा माणसं सहज तरंगवते. पण काहिलीला दिशा नसते. धारेत गेली की भोवऱ्यासारखी फिरते. नावेची तऱ्हा वेगळी. ती सरळ जाते, पण परत फिरवायला गेलं की आडवी होते आणि आडवी झाली की पाणी तिला पालथी घालतं. लहानपणापासून मी हे पाहत आलो होतो. उलटलेली नाव जवळजवळ दर खेपेला वळतानाच उलटलेली असायची.

मग मी ठरवलं, न वळणारी होडी बांधायची. दोन्ही टोकं सारखीच निमुळती. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, चिरफळ्यांचा सांगाडा, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीला डांबराचे दोन हात. दोन्ही टोकांत तोंड बंद केलेले पत्र्याचे डबे, म्हणजे पाणी भरलं तरी बुडू नये. दोन माणसांनी दोन टोकांना गुडघ्यावर बसायचं आणि वल्ही मारायची. पलीकडं पोचलं की होडी तशीच ठेवायची, माणसांनीच जागच्या जागी तोंड फिरवायचं. जाताना पुढं असलेला गडी येताना आपोआप मागं.

आमचा सुतार तंबाखू मळत दोन दिवस बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "लष्करात जाऊन येड लागलं व्हय रं? हिचं त्वांड कंचं आन् बूड कंचं?"

"मांडूळ हाय ही," सिदू म्हणाला. मांडूळ सापाला दोन तोंडं असतात असं आमच्याकडं मानतात. होडीला तेच नाव पडलं.

पहिल्याच दिवशी पुरानं आमची परीक्षा घेतली. मी पुढं, सिदू मागं, त्याच्या कमरेला कासरा बांधलेला. नदीच्या मध्यावर एक मेलेला बैल फुगून वाहत आला आणि होडीवर आदळला. सिदू पाण्यात गेला. कासरा ताणला, तुटला. मी त्याचे केस धरले म्हणून तो हाताला लागला. त्यानं घाबरून माझ्याच गळ्याला मिठी मारली. सुटायला मी त्याच्या नाकावर बुक्की मारली. रक्त आलं, पण पकड सैल झाली. काठावर पडून तो ओकत होता आणि शिव्या देत होता, बैलाला, नदीला, मला. मांडूळ मात्र पाण्यानं भरूनही तरंगत होती. दुसऱ्या दिवशी तो आपणहून पहाटे होडीत जाऊन बसला. रजा संपेतो वैरण आली आणि सिदू वल्हं मारायला शिकला. पोहायला शेवटपर्यंत शिकला नाही.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. आमच्यासमोर एक नदी होती. कृष्णेपेक्षा रुंद आणि सुस्त. पलीकडच्या काठाला मातीचा उंच बांध आणि बांधात दुश्मनाचे बंकर. आमच्या प्लाटूनचे सुभेदारसाहेब मराठेच, साताऱ्याकडचे. सिदूनं त्यांना मांडुळीची गोष्ट रंगवून सांगितली होती. त्यांनी मला बोलावलं.

"कळक हितं पायजे तेवढा हाय. ताडपत्री मी दितो. बांधशील?"

"बांधतो साहेब."

"बुडाली तर?"

"बुडत न्हाई साहेब. आमी बुडू."

ते हसले नाहीत. एका दिवसात होडी उभी राहिली. दोघांनी डोक्यावर उचलून न्यावी एवढी हलकी. हिचं काम जखमी आणायचं, असं ठरलं.

फटफटताना हल्ला झाला. आमच्या तोफखान्यानं बांध भाजून काढला आणि सरकारी बोटी सुटल्या. मधोमध पोचल्यावर दुश्मनाची मशिनगन, एम.एम.जी., बोलू लागली. आमच्या उजवीकडची बोट डोळ्यांदेखत फाटली. तिच्यातली माणसं बूट, गोळ्या, रायफल यांच्या वजनानं सरळ खाली गेली. कुणाचा आवाजही आला नाही. पाणी लाल होतं असं सिनेमात दाखवतात. तसं होत नाही. थोडा वेळ तपकिरी होतं आणि वाहून जातं.

त्या वेळी आम्ही दोघंही पहिल्या फळीतल्या सरकारी बोटीत होतो; मांडूळ अलीकडंच ठेवली होती. काठाला लागलो आणि चिखलातून बांध चढलो. पहिल्या बंकरात मी ग्रेनेड टाकला. आत ओरडा झाला. दाराबाहेर धुरातून दोघं पळत आले. एकाला मी गोळी घातली. दुसरा सिदूच्या अंगावर गेला आणि सिदूनं त्याला संगिनीवर घेतला. शिकवताना पोत्यात संगीन खुपसतात. पोतं संगीन धरून ठेवत नाही. माणूस दोन्ही हातांनी धरतो आणि तोंडाकडं बघतो. सिदूनं छातीवर बूट ठेवून ती ओढून काढली. मग तो पुढच्या बंकराकडं निघाला. मीही निघालो.

दहाच्या सुमाराला बांध आमच्या हातात होता. दुपारी दुश्मनानं उलटा हल्ला चढवला. मॉर्टरचे गोळे ओळीनं पडू लागले. माझ्या शेजारच्या नाईकाचा जबडा उडाला. तो हातानं चाचपून जबडा शोधत होता. एक तुकडा माझ्या उजव्या दंडात घुसला. पट्टी बांधली आणि विसरलो. जखमी बांधाखाली नदीकाठी गोळा होत होते आणि सरकारी बोटींची चाळण झाली होती. आमचा ऑपरेटर रेडिओवर ओरडत होता. बटालियन उत्तर देत होती.

"कॅजुअल्टी इव्हॅक्युएशन के लिए बोट भेजो. ओव्हर."

"बोट नहीं है. अपना साधन इस्तेमाल करो. ओव्हर."

आमचं साधन म्हणजे मांडूळ. अलीकडच्या काठावरच्या दोघा जवानांनी ती तोफखान्यानं उठवलेल्या धुराच्या आडून वल्हवत आमच्याकडं आणली. आम्ही खेपा सुरू केल्या. प्रत्येक खेपेला एक जखमी मधे आडवा. नदी मला कळते म्हणून दुश्मनाच्या तीराकडं जाताना पुढं मी बसायचो. जखमी घेतला की "पीछे मुड" म्हणायचं, दोघांनी तोंडं फिरवायची आणि निघायचं. होडी पाण्याला चिकटून चालायची. धुरात ती त्यांना नीट दिसत नसावी. गोळ्या डोक्यावरून जात होत्या.

एक जखमी अलीकडच्या काठावर उतरवत होतो, तेव्हा तिथल्या रेडिओवर आलं, "स्मोक खत्म. रिपीट, स्मोक खत्म. ओव्हर." त्याच वेळी सुभेदारसाहेब पडल्याची खबर आली. गुडघ्याखाली पाय राहिला नव्हता. पट्टा आवळून रक्त थांबवलं होतं, पण तास-दोन तासांत डॉक्टरपुढं नेलं नाही तर संपले, एवढं कळत होतं. कुणी हुकूम दिला नाही. धूर नसताना कुणी हुकूम देतही नाही. मी वल्हं उचललं.

सिदू माझ्याआधी पुढच्या टोकाला जाऊन बसला होता.

"माझी जागा हाय ती. ऊठ."

"तुझा दंड फुटलाय. फुडच्याला जोर लागतो. गप मागं बस."

"सिदू, ऊठ म्हणतो."

"वस्ताद, साहेब तिकडं मरत्यात आन् तू जागंसाठी भांडतोस व्हय?"

मी मागं बसलो. बोलणं खरंच वाटलं. दंडात जोर नव्हता. जाताना एम.एम.जी. गप्प होती, गोळ्यांचा पट्टा बदलत असावेत. साहेबांना आत घेतलं. ते शुद्धीवर होते. "पीछे मुड," सिदू म्हणाला. आम्ही फिरलो. आता मी पुढं होतो, तोंड आपल्या तीराकडं. सिदू मागं, पाठ दुश्मनाकडं.

दहा-बारा वल्ही मारली असतील, आणि डावीकडून, बांधाच्या अजून त्यांच्याकडं असलेल्या टोकावरून, एम.एम.जी. सुरू झाली. पाण्यावर टपाटप ओळ उठत आमच्याकडं आली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. होडी वळत नाही. तिचं एक टोक कायम दुश्मनाकडं. जाताना छातीवर आणि येताना पाठीवर, गोळी आधी त्याच टोकाला. इतका वेळ त्या टोकाला मी होतो, आणि ही गोष्ट होडी बांधणाऱ्या मला सुचली नव्हती. सिदूला सुचली होती. दंडाचं निव्वळ निमित्त होतं.

मला त्याचा राग आला. आजही येतो. लोक म्हणतात, केवढा त्याग. त्यांना काय जातंय म्हणायला. जवळचा माणूस न विचारता तुमच्या वाटणीचं मरण उचलून नेतो, तेव्हा हात जोडावेसे वाटत नाहीत. त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

मागं धप्प असा आवाज झाला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा.

"सिदू!"

"मारतोय की. तू मार."

मला मागं बघता येत नव्हतं. हात थांबला असता तर होडी धारेला लागली असती. पण मागचं वल्हं चालू आहे हे मला कळत होतं. मागचा गडी थांबला की ती काहिलीसारखी फिरू लागते. ती फिरली नाही. जराशी डावीकडं कलायची आणि पुन्हा सरळ व्हायची. साहेब आडवे होते, त्यांचं तोंड सिदूकडं होतं. ते सगळं बघत होते, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. आणखी एक फैर आली. ताडपत्री फाटली, मागचा डबा फुटला, पाणी आत आलं. होडी निम्मी बुडून चालली, पण चालली.

काठाला लागलो. जवानांनी साहेबांना उचललं. मी मागं वळलो. सिदू वल्ह्यावर ओणवा झाला होता. वल्हं त्याच्या हातातून सोडवावं लागलं. एक गोळी पाठीतून पोटात, एक कमरेत. आतडी त्याच्या मांडीवर आली होती. मी त्याला चिखलात घेतलं.

"पानी दे रं."

नर्सिंग असिस्टंट ओरडला, "पेट का जख्मी है, पानी मत देना!" नियम बरोबर आहे. पोटाच्या जखमीला पाणी द्यायचं नाही, हे मीच सेक्शनला शिकवत असे. पण जखम मी पाहिली होती आणि त्यानंही पाहिली होती. मी वाकलो, नदीत ओंजळ घातली आणि त्याच्या तोंडात सोडली. निम्मं सांडलं. दुसरी ओंजळ त्यानं पुरी घेतली.

"लय गार हाय," तो म्हणाला. त्यानंतर बोलला नाही. सुभेदारसाहेब जगले.

लढाई संपल्यावर मला रजा मिळाली. आधी घरी न जाता मी म्हसवडला गेलो. गावाबाहेर त्यांची वस्ती होती. सिदूचा बाप मेंढरं घेऊन दाराशीच होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं मला घोंगडं अंथरून दिलं आणि बराच वेळ मेंढराच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग हळूच विचारलं, "आवं, गावात समदी म्हंत्यात, नदीत गेला. तारंत बी नदीच लिवलीय. बुडला व्हय त्यो?"

"न्हाई, तात्या. बुडला न्हाई. काठाला लागला. गोळीनं गेला."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. पोहायला न शिकवलेल्या पोराला सरकारनं पाण्यात ढकललं, हे महिनाभर त्याच्या छातीवर बसलं होतं. तो दाराकडं तोंड करून ओरडला, "आगं, ऐकलंस का? बुडला न्हाई त्यो!"

आतून सिदूची आई आली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून उंबऱ्यात उभी राहिली. तिनं गोळी कुठं लागली ते विचारलं नाही. किती दुश्मन मारले तेही नाही.

"जाताना त्वांडात पानी पडलं का त्येच्या?"

"पडलं, आई."

"कुनी घातलं?"

"मी."

ती माझ्या हातांकडं बघत राहिली. मग कोपऱ्यातली घागर कलती केली. तळाशी थोडंच पाणी होतं, तेही लांबून डोक्यावर आणलेलं. ते तिनं सगळं तांब्यात ओतलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"तान्हलेला न्हाई गेला म्हंजे माझा ल्योक," ती म्हणाली. "पी बाबा तू. लांबनं आलायस."

लढाईत आणि लढाईनंतर मी कुणासमोर रडलो नव्हतो. त्या दारात तांब्या हातात धरून रडलो. दोघं म्हातारी जवळ बसून राहिली, आणि माझं रडणं सरल्यावर मी ते पाणी प्यालो.